जूनो: इंडस्ट्रीच्या आधी जन्मलेला पुरस्कार

२०२४ च्या मार्चमध्ये हॅलिफॅक्सला पंजाबी गायक करण औजलाला जूनो मिळाला, फॅन चॉइसचा, म्हणजे चाहत्यांच्या मतांवरचा, आणि आमच्या घरच्या ग्रुपवर भाच्याने लगेच विचारलं की मामा हे जूनो म्हणजे काय, कॅनडाचं ग्रॅमी का? मी हो म्हणालो आणि विषय तिथेच संपला. पण नंतर त्याच्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल वाचत गेलो तसं कळलं की माझं ते उत्तर फारच अपुरं होतं. ग्रॅमी १९५९ मध्ये सुरू झालं तेव्हा अमेरिकेत रेकॉर्ड कंपन्या, स्टुडिओ, रेडिओ, दुकानं सगळं जागच्या जागी होतं. कॅनडात उलटं झालं. तिथे आधी पुरस्कार आले, मग कायदा आला, आणि इंडस्ट्री म्हणावी असं काहीतरी त्यानंतर उभं राहिलं. आणि पुरस्काराला नाव मिळालं ते रेडिओवर नियम लावणाऱ्या एका सरकारी अधिकाऱ्याचं! हे असं कसं झालं ते समजून घ्यायचं तर सोहळा जरा बाजूला ठेवून आधी रेडिओकडे बघावं लागतं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

कॅनडाचा नकाशा डोळ्यासमोर आणा. क्षेत्रफळात जगात दुसरा देश, पण बहुतेक माणसं राहतात ती अमेरिकेच्या सीमेलगतच्या दीडेकशे किलोमीटरच्या पट्ट्यात. रेडिओच्या लहरींना पासपोर्ट लागत नाही, त्यामुळे टोरंटोच्या घरात बसून माणूस सीमेपलीकडच्या बफेलोचं स्टेशन आरामात ऐकायचा. फ्रेंच बोलणारा क्विबेक प्रांत सोडला तर भाषाही तीच, इंग्रजी. आता १९६० च्या आसपासच्या कॅनडातल्या एखाद्या रेडिओ स्टेशनच्या प्रोग्रॅम डायरेक्टरच्या जागी स्वतःला ठेवून बघा. त्याच्या टेबलावर आठवड्याला ढीगभर रेकॉर्ड येतात, त्यातून थोड्याच निवडायच्या. अमेरिकेच्या चार्टवर कुठलं गाणं वर चढतंय हे त्याला छापील स्वरूपात मिळतं, म्हणजे ती गाणी चालणार हे आधीच सिद्ध झालेलं. आणि त्याच ढिगात विनिपेगच्या किंवा हॅलिफॅक्सच्या कुठल्यातरी पोरांची रेकॉर्ड आहे, जी कोणी ऐकलेली नाही, जिचा आवाजही बहुतेक वेळा थोडा कच्चा आहे कारण चांगला स्टुडिओच मिळालेला नाही. तो कुठली लावेल? त्याला मी दोष देत नाही, त्याचा पगार श्रोत्यांच्या आकड्यावर ठरत होता.

रेकॉर्ड कंपन्यांचं गणितही तसंच होतं. कॅनडातल्या मोठ्या कंपन्या म्हणजे बहुतांशी अमेरिकन नाहीतर ब्रिटिश कंपन्यांच्या शाखा. तिकडून तयार मास्टर टेप यायची, इथे फक्त रेकॉर्डच्या प्लेटा छापायच्या आणि विकायच्या. गायक शोधा, स्टुडिओ घ्या, वादक बोलवा, महिनाभर खपा आणि मग ते चाललं तर चाललं, एवढी जोखीम कोण घेणार जेव्हा तयार हिट गाणं फुकटात हातात पडतंय? म्हणजे बघा, रेडिओ लावत नाही म्हणून रेकॉर्ड खपत नाही, खपत नाही म्हणून कंपनी पैसा घालत नाही, पैसा नाही म्हणून स्टुडिओ नाहीत, स्टुडिओ नाहीत म्हणून रेकॉर्ड कच्ची, आणि कच्ची म्हणून पुन्हा रेडिओ लावत नाही. हे चक्र एकदा डोक्यात बसलं की पुढचा सगळा इतिहास सोपा होतो, कारण पुढे जे जे झालं ते हे चक्र कुठेतरी तोडायचा प्रयत्न होता.

तोपर्यंत ज्यांच्यात दम होता ते सरळ निघून जायचे. ओटावाचा गायक पॉल अँका पोरगेल्या वयात न्यूयॉर्कला गेला. पुढे नील यंग गेला, जोनी मिचेल गेली. आणि जे राहिले त्यांचं काय व्हायचं, याची एक गोष्ट मला फार लागली. विनिपेगचा एक बँड होता, चॅड अ‍ॅलन अँड द एक्स्प्रेशन्स. १९६५ च्या सुमाराला त्यांनी एका ब्रिटिश गाण्याचं आपलं व्हर्जन रेकॉर्ड केलं, मस्त झालं होतं, पण त्यांच्या कंपनीला, क्वालिटी रेकॉर्ड्सला, काळजी ही की कॅनडियन नाव दिसलं की रेडिओचे जॉकी प्लेट बाजूला ठेवणार. त्या काळात ब्रिटिश बँडची जबरदस्त लाट होती, म्हणून कंपनीने प्लेटेवर बँडचं नावच छापलं नाही, त्याजागी छापलं 'गेस हू?', म्हणजे ओळखा पाहू कोण! लोकांना वाटलं कोणीतरी मोठे ब्रिटिश लोक लपून गातायत. गाणं कॅनडात पहिल्या नंबरला गेलं. नंतर खरं नाव सांगितलं तरी जॉकी 'गेस हू'च म्हणत राहिले, शेवटी बँडने तेच नाव घेतलं, आणि द गेस हू म्हणूनच ते जगभर ओळखले गेले. स्वतःच्या देशात स्वतःचं गाणं वाजावं म्हणून आपण इथले आहोत हेच झाकावं लागलं, याहून त्या काळाचं नेमकं वर्णन मला तरी सापडलं नाही.

आता येतात ते दोघं ज्यांच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. वॉल्ट ग्रीलिस हा माणूस आधी पोलिसात होता, कॅनडाच्या प्रसिद्ध माउंटेड पोलिसात आणि मग टोरंटो पोलिसात, तिथून रेकॉर्ड कंपनीत प्रमोशनच्या कामाला आला, म्हणजे स्टेशनोस्टेशनी जाऊन आमची प्लेट लावा हो म्हणून सांगायचं काम. त्याचा दोस्त स्टॅन क्लीस, रेकॉर्ड प्रोड्यूसर. दारं कशी बंद होतात हे दोघांनी रोज बघितलेलं. २४ फेब्रुवारी १९६४ ला ग्रीलिसने टोरंटोतून एक छोटं साप्ताहिक सुरू केलं, नाव आरपीएम. रेकॉर्ड्स, प्रमोशन, म्युझिक याची ती आद्याक्षरं, आणि प्लेट मिनिटाला किती फेरे घेते तेही आरपीएमच, म्हणून नाव चपखल. हे साप्ताहिक सामान्य श्रोत्यांसाठी नव्हतं, धंद्यातल्या लोकांसाठी होतं: स्टेशनवाले, दुकानदार, कंपन्या, मॅनेजर. त्यात त्याने देशभराचा चार्ट छापायला सुरुवात केली. तोपर्यंत एकेका शहराचे, एकेका स्टेशनचे चार्ट होते, पण विनिपेगला काय खपतंय हे टोरंटोला कळायची नियमित सोय नव्हती.

आणि त्याच वर्षाच्या शेवटी, डिसेंबर १९६४ मध्ये, आरपीएमने वाचकांना सांगितलं की यंदाचे सर्वोत्तम कॅनडियन कलाकार कोण ते मत देऊन पोस्टाने कळवा. मतं आली, मोजली, निकाल अंकात छापला. बस्स एवढंच. सोहळा नाही, स्टेज नाही, भाषणं नाहीत. जूनोचं मूळ म्हणजे साप्ताहिकात छापलेली ही एक यादी. दरवर्षी हे होत राहिलं आणि त्याला गोल्ड लीफ अवॉर्ड्स असं नाव मिळालं, लीफ म्हणजे अर्थातच मेपलचं पान.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुरस्कार म्हटलं की आपल्याला वाटतं कोणाच्यातरी पाठीवर शाबासकी. इंडस्ट्री पक्की असेल तेव्हा ते बरोबर आहे. पण जिथे इंडस्ट्रीच नाही तिथे पुरस्कार वेगळंच काम करतो. सर्वोत्तम गायिका निवडायची तर आधी चारपाच गायिकांची नावं एका कागदावर लिहावी लागतात. सर्वोत्तम रेकॉर्ड कंपनी निवडायची तर मुळात आपल्याकडे कुठल्या कंपन्या कॅनडियन गाणी काढतात हे मोजावं लागतं. म्हणजे मत द्यायच्या निमित्ताने हजारो किलोमीटरवर विखुरलेल्या लोकांना पहिल्यांदा कळलं की आपण एकटे नाही, हा एक धंदा आहे आणि त्यात एवढी माणसं आहेत. शिवाय स्टेशनवाला जेव्हा म्हणायचा की कॅनडात चांगलं संगीत आहेच कुठे, तेव्हा समोर ठेवायला एक छापील यादी होती. ग्रीलिस आणि क्लीसने हे किती आधीपासून ठरवून केलं ते बाजूला ठेवू, पण परिणाम हाच झाला.

यादीने वातावरण तयार केलं, पण स्टेशनं काही बदलली नाहीत. चक्र तोडायला जोर कमी पडत होता. म्हणून आरपीएमने १९६८ च्या सुमाराला उघडच लिहायला सुरुवात केली की हे आपोआप होणार नाही, रेडिओने कॅनडियन गाणी वाजवावीत यासाठी कायदाच हवा. वेळही अनुकूल होती. १९६७ मध्ये कॅनडाला शंभर वर्षं झाली, माँट्रियलला एक्स्पो ६७ हे जागतिक प्रदर्शन भरलं, आपलं म्हणून काहीतरी असावं ही भावना देशभर होती. १९६८ मध्ये नवा प्रसारण कायदा झाला आणि रेडिओ-टीव्हीवर देखरेख करायला एक स्वतंत्र आयोग नेमला गेला, सीआरटीसी. त्याचे पहिले अध्यक्ष प्येर जूनो, क्विबेकचे, आधी नॅशनल फिल्म बोर्डात काम केलेले. हे जूनो नाव लक्षात ठेवा.

आयोगाच्या हातात जोर कुठून आला? रेडिओ स्टेशन ज्या फ्रिक्वेन्सीवर चालतं ती स्टेशनच्या मालकीची नसते. लहरी जनतेच्या, त्यांची संख्या मर्यादित, म्हणून त्या वापरायला लायसन लागतं आणि ते ठराविक वर्षांनी नव्याने घ्यावं लागतं. आयोगाचं म्हणणं सरळ होतं: जनतेची जागा वापरताय ना, मग त्यातला काही भाग इथल्या लोकांच्या संगीताला द्या. फेब्रुवारी १९७० मध्ये प्रस्ताव आला, मग जाहीर सुनावण्या झाल्या, आणि स्टेशनवाल्यांनी कडाडून विरोध केला. त्यांचे मुद्दे अगदीच पोकळ नव्हते हे मी मान्य करतो. एक म्हणजे एवढ्या चांगल्या कॅनडियन रेकॉर्ड आहेतच कुठे, नसलेल्या वाजवायच्या कशा. दुसरं, आम्ही सुमार गाणी लावली तर श्रोता बटण फिरवून अमेरिकन स्टेशन लावेल, ते तर सीमेपलीकडून येतंच आहे. आणि तिसरं, लोकांनी काय ऐकावं हे सरकारने का ठरवायचं. पहिल्या मुद्द्याबद्दल मला वाटतं की त्यांनी कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली होती, रेकॉर्ड नाहीत कारण तुम्ही वाजवत नाही. तिसरा मुद्दा मात्र आजही तसाच शिल्लक आहे आणि प्रामाणिक माणसं त्यावर दोन्ही बाजूंनी बोलतात.

शेवटी नियम झाला आणि १८ जानेवारी १९७१ पासून लागू झाला: एएम स्टेशनांनी सकाळी ६ ते रात्री १२ या वेळात वाजवलेल्या गाण्यांपैकी किमान ३० टक्के कॅनडियन असली पाहिजेत. समजा स्टेशन तासाला १२ गाणी लावतं, तर १८ तासांत २१६ गाणी झाली, त्यातली ६५ कॅनडियन हवीत. ज्या स्टेशनवर दिवसाला मुश्किलीने दोनचार लागत होती तिथे हे केवढं मोठं झालं बघा.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, गाणं कॅनडियन आहे हे ठरवायचं कसं? गायिका कॅनडाची पण गाणं लिहिलं अमेरिकनाने, मग? बँड कॅनडाचा पण स्टुडिओ शिकागोचा, मग? यावर स्टॅन क्लीसने एक सोपी युक्ती काढली, मेपल नावाची, इंग्रजी अक्षरं एम, ए, पी, एल. एम म्हणजे संगीत कॅनडियनाने रचलेलं, ए म्हणजे मुख्य कलाकार कॅनडियन, पी म्हणजे रेकॉर्डिंग पूर्णपणे कॅनडात झालेलं, आणि एल म्हणजे शब्द कॅनडियनाने लिहिलेले. प्लेटेवर एक गोल छापायचा, त्याचे चार भाग, जे अक्षर लागू आहे तो भाग भरलेला. जॉकीला वाचत बसायची गरज नाही, नुसतं बघितलं की कळतं. पहिल्या वर्षी चारातली एक अट पुरी केली तरी चालायचं, म्हणजे स्टेशनवाल्यांना श्वास घ्यायला वेळ दिला, आणि जानेवारी १९७२ पासून चारातल्या दोन लागायला लागल्या.

दोन उदाहरणं घेऊ म्हणजे पक्कं होईल. १९७० मध्ये अ‍ॅन मरेचं 'स्नोबर्ड' आलं आणि अमेरिकेतही तुफान चाललं. अ‍ॅन मरे कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातली, शब्द आणि चाल दोन्ही जीन मॅकलेलनची, तोही कॅनडियन, आणि रेकॉर्डिंग टोरंटोला. चारात चार. त्याच वर्षी गेस हूचं 'अमेरिकन वूमन' अमेरिकेच्या चार्टवर पहिल्या नंबरला गेलं. शब्द, चाल, बँड तिन्ही कॅनडाचं, पण रेकॉर्डिंग शिकागोला झालेलं, म्हणजे पी गेला, चारात तीन. तरी पास. आणि हो, या बँडचा प्रोड्यूसर जॅक रिचर्डसन, याने त्याआधी त्यांच्या रेकॉर्डिंगसाठी पैसे उभे करायला स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. आज जूनोमध्ये वर्षातल्या उत्तम प्रोड्यूसरला जो पुरस्कार देतात तो त्याच्या नावाने देतात. मला हे फार योग्य वाटतं, कारण कायदा यायच्या आधी ज्यांनी स्वतःच्या खिशाला खार लावून काम केलं त्यांची नावं अशा ठिकाणी टिकायला हवीत.

आता सोहळ्याकडे. २३ फेब्रुवारी १९७० ला टोरंटोच्या सेंट लॉरेन्स हॉलमध्ये आरपीएमच्या पुरस्कारांचा पहिला प्रत्यक्ष कार्यक्रम झाला. हा हॉल १८५० सालचा, किंग स्ट्रीटवरचा, देखणा आहे आणि त्याला मोठा इतिहास आहे, अमेरिकेतली गुलामगिरी संपवा म्हणणाऱ्यांच्या सभा १८५१ मध्ये तिथे भरल्या होत्या. सूत्रसंचालन केलं टोरंटोच्याच एका रेडिओ स्टेशनच्या जॉर्ज विल्सनने. टीव्हीचे कॅमेरे नव्हते, आणि पाकीट फोडून नाव वाचायची उत्सुकताही नव्हती कारण विजेत्यांची नावं आरपीएमच्या अंकात आधीच छापून आलेली असायची. लोक यायचे ते एकमेकांना भेटायला. सर्वोत्तम गायिका ठरली जिनेट रेनो, गायक अँडी किम. ट्रॉफीही क्लीसनेच ठरवलेली, अक्रोडाच्या लाकडाची, मेट्रोनोमच्या आकाराची. मेट्रोनोम म्हणजे लय मोजायचं ते टिकटिक यंत्र, आपल्याकडे पियानोच्या क्लासला गेलेल्यांनी बघितलेलं असतं.

पुढच्या वर्षीचा सोहळा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तारीख बघा: २२ फेब्रुवारी १९७१, सोमवार. नियम लागू झाला १८ जानेवारीला, तोही सोमवार. मध्ये बरोबर पाच आठवडे. हॉल तोच, जॉर्ज विल्सन तोच, पण नाव बदललेलं. आरपीएमने वाचकांना विचारलं होतं की गोल्ड लीफपेक्षा चांगलं नाव सुचवा. सुचवलेल्या नावांत एक होतं जूनो, आयोगाच्या त्या प्येर जूनोंचं आडनाव. फ्रेंच आडनावाचं स्पेलिंग लांबलचक, म्हणून ते आखूड केलं, आणि आखूड केलेलं स्पेलिंग नेमकं रोमन पुराणातल्या देवीचं निघालं, जूनो, ज्युपिटरची बायको, देवांची राणी. शिवाय दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या ज्या किनाऱ्यावर कॅनडाचं सैन्य उतरलं त्याचंही सांकेतिक नाव जूनोच, म्हणजे तो शब्द त्या पिढीच्या कानाला आधीपासून ओळखीचा. एका शब्दात अधिकारी, देवी आणि किनारा, तिन्ही बसले. त्या रात्री प्येर जूनोंना वर्षभरातला संगीत उद्योगातला माणूस म्हणून पुरस्कारही दिला गेला. ज्याने एकही सूर लावला नाही त्याला संगीतवाल्यांनी मान दिला, आणि मला ते अजिबात विचित्र वाटत नाही. अ‍ॅन मरे सर्वोत्तम गायिका, गॉर्डन लाइटफूट गायक, गेस हू बँड. म्हणजे सहा वर्षांपूर्वी ज्यांचं नाव प्लेटेवरून लपवलं होतं त्यांनाच, त्या लपवाछपवीतून मिळालेल्या नावाने, पुरस्कार दिला गेला.

नियम झाला म्हणून सगळं लगेच गोड झालं असं मात्र नाही. काही स्टेशनं कॅनडियन गाणी मुद्दाम अशा वेळी कोंबायची जेव्हा ऐकणारे कमी, सकाळी अगदी लवकर नाहीतर रात्री उशिरा, या वेळांना लोक बीव्हर अवर्स म्हणायला लागले, बीव्हर हा कॅनडाचा राष्ट्रीय प्राणी म्हणून. मराठी सिनेमाला मल्टिप्लेक्समध्ये सकाळी नऊचा शो मिळतो आणि मग म्हणतात बघा कोणी येतच नाही, ते ज्याने अनुभवलंय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. दुसरी पळवाट म्हणजे नवीन कोणाला घ्यायचंच नाही, ३० टक्के भरायला अ‍ॅन मरे आणि लाइटफूटच पुन्हा पुन्हा लावायचे. कोटा भरला, नवोदित बाहेरच. तरीही स्टुडिओ वाढले, कंपन्या इथल्या लोकांना करारबद्ध करायला लागल्या, कारण आता त्यांच्या प्लेटांना नक्की गिऱ्हाईक होतं, स्टेशनला त्या हव्याच होत्या.

पुढची काही वर्षं भरभर सांगतो. रेकॉर्ड कंपन्यांना वाटायला लागलं की पुरस्कार एका साप्ताहिकाच्या हातात असण्यापेक्षा उद्योगाच्या संस्थेकडे असावा आणि टीव्हीवर दिसावा. त्यातून कॅरस नावाची अकादमी झाली, आणि १९७५ च्या मार्चमध्ये जूनो पहिल्यांदा सीबीसीवर, म्हणजे तिथल्या सरकारी टीव्हीवर, देशभर दिसला. सूत्रसंचालक कोण, तर पॉल अँका, तोच ओटावाहून निघून गेलेला. १९७८ मध्ये संगीताचं हॉल ऑफ फेम सुरू झालं आणि पहिले दोन मानकरी गाय लोम्बार्डो आणि ऑस्कर पीटरसन. १९८१ मध्ये जोनी मिचेलला त्यात घेतलं तेव्हा मान द्यायला खुद्द पंतप्रधान प्येर ट्रूडो आले होते. १९८८ मध्ये सोहळा झालाच नाही, कारण तो शरद ऋतूतून वसंतात हलवला गेला, १९८७ च्या नोव्हेंबरनंतर थेट १९८९ चा मार्च. म्हणूनच १९७१ पासून मोजून २०२१ ला पन्नासावा आला, एकावन्नावा नाही, हिशोब करणाऱ्यांचा इथे गोंधळ होतो.

पण १९७८ ची दुसरी एक घटना आहे जिच्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहील. स्टॉम्पिन टॉम कॉनर्स म्हणून एक गायक होता, बालपण अतिशय हलाखीत गेलेला, तरुणपणी गिटार घेऊन देशभर भटकलेला. गाताना बुटाने लाकडी फळीवर ताल धरायचा म्हणून स्टॉम्पिन. गाणी कसली, तर प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या बटाट्यांवर, सडबरीच्या खाणकामगारांच्या शनिवार रात्रीवर, हॉकीवर. अमेरिकेत कोणाला कळणार नाहीत अशी गाणी आणि त्याला ती कळवायचीही नव्हती. त्याला सहा जूनो मिळाले होते. १९७८ मध्ये त्याने ते सहाच्या सहा परत पाठवले. सोबत पत्र, त्याचा मुद्दा असा की जे कलाकार राहतात, कमावतात, काम करतात अमेरिकेत, त्यांना तुम्ही इथले पुरस्कार देता, मग जे इथे राहून झिजतात त्यांच्यासाठी हा पुरस्कार आहे तरी कशाला? त्यानंतर तो बरीच वर्षं गाण्यातूनच बाजूला झाला.

मी यावर बराच विचार केला. कॉनर्सचं म्हणणं मला मनापासून पटतं आणि तरी त्याचा उपाय पटत नाही. निघून गेलेल्यांना वगळायचं तर नील यंग आणि जोनी मिचेलही वगळावे लागतात, आणि ते गेले ते तरी का, तर घरी वाजवणारं कोणी नव्हतं म्हणून. ज्यांना दार बंद होतं म्हणून जावं लागलं त्यांनाच पुन्हा बाहेरचे ठरवायचं हे बरोबर वाटत नाही. पण राहिलेल्या माणसाचा राग समजून घ्यायला हवा. त्याने सहा ट्रॉफ्या परत केल्या म्हणजे त्या ट्रॉफीचा अर्थ त्याने सगळ्यात गंभीरपणे घेतला होता.

मेपलच्या नियमालाही असाच एकदा धक्का बसला, १९९१ मध्ये. ब्रायन अ‍ॅडम्स, किंग्स्टनला जन्मलेला, व्हँकुव्हरमध्ये राहिलेला, त्याचं एक प्रेमगीत त्या वर्षी जगभर वाजत होतं, ब्रिटनमध्ये सलग १६ आठवडे पहिल्या नंबरला. आणि कॅनडाच्या नियमात ते कॅनडियन बसत नव्हतं! कारण ए सोडला तर बाकी काही पूर्ण नव्हतं: गाणं त्याने परदेशी प्रोड्यूसर मट लँग वगैरेंसोबत मिळून लिहिलेलं, म्हणून संगीत आणि शब्द दोन्ही 'पूर्णपणे' कॅनडियन नाहीत, आणि रेकॉर्डिंगही पूर्ण कॅनडात नाही. चारात एक. इथे एक गैरसमज होतो, गाण्यावर बंदी नव्हती, स्टेशनं ते हवं तेवढं लावू शकत होती, फक्त ३० टक्क्यांत धरता येत नव्हतं. एवढा गाजावाजा झाला की नियम दुरुस्त केला: कॅनडियन माणसाने परदेशी माणसासोबत लिहिलं असेल आणि संगीत व शब्द दोन्हींत त्याचा निम्मा वाटा असेल, तर तेवढा एक गुण मिळतो. पुढे १९९९ पासून कोटाही ३५ टक्के झाला, आणि फ्रेंच स्टेशनांना फ्रेंच गाण्यांचा वेगळा कोटा आहे तो आहेच.

आज तोच वाद स्ट्रीमिंगवर आलाय. २०२३ मध्ये ऑनलाइन प्रसारणाचा नवा कायदा झाला आणि २०२४ मध्ये सीआरटीसीने मोठ्या स्ट्रीमिंग कंपन्यांनी कॅनडातल्या कमाईचे ५ टक्के स्थानिक संगीत, बातम्या वगैरेंसाठी द्यावेत असा आदेश काढला, कंपन्या कोर्टात गेल्या. गंमत बघा, १९७० मधले तीनही मुद्दे जवळपास तेच. फरक एवढाच की रेडिओला जनतेच्या लहरींवर लायसन लागायचं, ते कारण स्ट्रीमिंगच्या अ‍ॅपला लागू होत नाही, त्यामुळे यावेळी दोरी कशी ओढायची हा प्रश्न जास्त किचकट आहे.

आणि आता भाच्याच्या प्रश्नाकडे. करण औजला लुधियानाकडच्या गावातला, पोरगेल्या वयात कॅनडाला गेला, गातो पंजाबीत, त्याचा जोडीदार संगीतकार इक्की टोरंटोचा. ते चार भागांचं मेपलचं वर्तुळ पुन्हा आठवा: संगीत कोणाचं, कलाकार कोण, रेकॉर्डिंग कुठे, शब्द कोणाचे. भाषा कुठली हे त्यात कुठेच विचारलेलं नाही, १९७१ मध्येही नव्हतं. आणि कॅनडियन म्हणजे नुसता नागरिकच नाही, तिथला कायमचा रहिवासीही त्यात धरतात. २०२५ पासून तर जूनोमध्ये दक्षिण आशियाई संगीतासाठी स्वतंत्र पुरस्कारच सुरू झालाय. म्हणजे समजा टोरंटोजवळच्या मिसिसागाला पीआर, म्हणजे कायमच्या रहिवासाचा परवाना, घेऊन राहणाऱ्या एखाद्या मराठी मुलीने स्वतः शब्द लिहिले, स्वतः चाल लावली, आणि तिथल्याच स्टुडिओत जाऊन एक मराठी भावगीत रेकॉर्ड केलं, तर मेपलच्या हिशोबात ते चारात चार.